सत्ताविसावा गंज

"यापूर्वी कधी नादार (दिवाळखोर) घोषित झाला आहात का?"

धर्माळे साहेबांनी फॉर्मवरचा प्रश्न वाचला आणि पेन 'नाही'च्या चौकोनावर नेऊन ठेवलं. ते विचारत नव्हतेच, नुसते वाचत होते. त्याआधीचे सगळे प्रश्न त्यांनी असेच वाचले होते आणि त्यांची उत्तरंही स्वतःच लिहिली होती. मी टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला. व्हायचं तेच झालं.

"हाव जी," हे म्हणाले. "सत्त्याण्णव साली. अकोल्याच्या कोर्टातून."

साहेबांनी पेन उचललं, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच आमच्याकडे नीट पाहिलं. नागरी बँकेच्या मूर्तिजापूर शाखेत ते नवीनच बदलून आले होते, त्यामुळे त्यांना आमची कथा ठाऊक नव्हती. गावात दुसरा असा माणूस शोधून सापडला नसता.

"बाई, कर्ज तुमच्या नावावर," ते मला म्हणाले. "तुम्ही नगरपालिकेच्या दवाखान्यात कायम आहात, पगाराचे कागद बरोबर आहेत. पण घरासाठी सहकर्जदार म्हणून नवरा लागतो, आणि तो नादार."

"होते," मी म्हणाले. "आता नाहीत. कोर्टानं मुक्त केल्याचा कागद आहे ना घरी."

"असेल. कोर्ट देण्यातून मोकळं करतं बाई. पत परत दिली, असं काही त्या कागदावर लिहिलेलं नसतं."

हे मान खाली घालून बसले होते. मला त्यांचा इतका राग आला होता की रडूही येत नव्हतं. आम्ही अकरा वर्षं ज्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो, त्या आमचे घरमालक काकड गुरुजी विकून मुलाकडे पुण्याला निघाले होते. त्यांनी आधी आम्हाला विचारलं, हा त्यांचा चांगुलपणा. रामनवमीपर्यंत थांबतो म्हणाले. त्यानंतर बाजारातला एक व्यापारी तयारच होता. त्याला खोल्या पाडून गोदाम बांधायचं होतं. माझी पोरगी त्या घरात लिहायला शिकली आणि आता दहावीला बसली होती.

धर्माळे साहेबांनी फॉर्म एकदा उलटून पाहिला. मग म्हणाले, "नियमानं दोन जामीनदार लागतात. एक तुमच्या दवाखान्यातला चालेल. दुसरा मात्र मी सांगतो तो आणा. तेव्हा ज्यांचे पैसे बुडाले, त्यांच्यातला एक. एकानं जरी सही केली तरी मी वर शिफारस करतो."

"साहेब, असा नियम आहे?"

"नाही. नियमानं जायचं तर हा फॉर्म मला आत्ताच परत द्यावा लागेल."

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच सुरू झाले. "नाही म्हनून टाकाले काय झालं होतं तुमाले?"

"त्यायनं इचारलं."

"इचारलं नव्हतं! वाचलं होतं!"

"मंदा, एकदा पेपरात छापून आलेलं आहे. आता लपवाले काय राह्यलं?"

या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. माझ्याजवळ ते होतं, पण रस्त्यात देण्यासारखं नव्हतं.

माझ्या लग्नानंतर दोन-चार वर्षांतच 'पाचपोर बिछायत केंद्र' म्हणजे तालुक्यात नाव झालं. मंडप, सतरंज्या, पंगतीची भांडी, सगळं आमच्याकडून जायचं. यांना हौस अशी की नवीन भांडं आलं की आधी कोरणाऱ्याकडे. वाटीपासून परातीपर्यंत प्रत्येक भांड्यावर 'वा. ना. पाचपोर'. धंद्यात ते लागतंच, नाहीतर लग्नघरची भांडी आणि आपली भांडी एक होतात. पण यांनी घरातला पाण्याचा तांब्याही सोडला नाही. माझी सासू म्हणायची, "वासुदेवा, एक दिवस तू बायकोवरबी नाव कोरशीन."

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात कर्ज काढून नवा मोठा मंडप घेतला. त्याचं ते तिसरंच लग्न. अक्षता पडून पहिली पंगत बसली आणि वावधन सुटलं. असं वादळ मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मंडप खांबांसकट उठला आणि जेवणाच्या पंगतीवर येऊन बसला. जीव कोणाचा गेला नाही एवढीच देवाची दया. नवरीच्या मामाचा पाय मोडला. जनरेटर जळाला, तो भाड्याचा होता. सतरंज्या चिखलात गेल्या, त्या अर्ध्या लाहोळ्यांच्या होत्या. लाहोळे म्हणजे गावातले दुसरे बिछायतवाले. मोठं लग्न असलं की आम्ही एकमेकांकडून सामान न्यायचो. त्यांचे तीस हजार हातउसनेही आमच्याकडे होते. बँक, जनरेटरवाले, कापडवाले, लाहोळे, सगळे मिळून नऊ जण दारात उभे राहिले.

वकिलानं नादारीचा रस्ता दाखवला. कोर्टात यांनी शपथेवर सांगितलं की अंगावरचे कपडे आणि रोजच्या स्वयंपाकाची चार भांडी सोडली तर कोर्टाच्या यादीबाहेर माझ्याजवळ काहीही उरलेलं नाही. मग नोटीस पेपरात आली. मग लिलाव झाला. भांडी लाहोळ्यांनी घेतली, पण त्यांचं जेवढं बुडालं होतं त्याच्या मानानं ती काहीच नव्हती.

तीन महिन्यांनी लाहोळ्यांनीच यांना कामावर बोलावलं. भांडी मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची. म्हणजे स्वतःचं नाव कोरलेली भांडी दुसऱ्याच्या गाडीत भरायची. लोकांना फार मजा वाटायची. पंगतीत वाटी उलटी करून कोणीतरी हमखास विचारायचं, "काहो पाचपोर, ही वाटी तुमची का लाहोळ्याची?" हे म्हणायचे, "ज्यानं मोजली त्याची," आणि पुढे जायचे. मला त्या लोकांची टाळकी फोडावीशी वाटायची.

आणि मला यांचाही राग यायचा, तो एका वेगळ्याच गोष्टीचा. लग्नघरी काम करणाऱ्यांना उरलेलं अन्न द्यायची रीत आहे. बुंदी, भाजी, पुऱ्या, ज्याला जे हवं ते बांधून देतात. बाकी कामकऱ्यांच्या घरी लग्नसराईत पोरं बुंदी खाऊन कंटाळायची. आमचे हे मात्र अंगाला तुपाचा वास घेऊन यायचे आणि हात रिकामे. पोरगी लहान होती तेव्हा दारात उभी राहायची, हात पाहायची आणि आत जायची. मी भांडले, रुसले, एकदा तर दोन दिवस बोलले नाही. "मागून नका आणू, देतात ते तर घ्या!" हे फक्त एवढंच म्हणायचे, "तिथलं नको."

मला तो माज वाटायचा. गावाकडे एक म्हण आहे, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ती मी यांना किती वेळा ऐकवली असेल त्याची गणती नाही.

तर जामीनदार. हे कुठेच जायला तयार नव्हते. "कोन्या तोंडानं जाऊ?" म्हणाले. मग दुपारची ड्यूटी बदलून घेऊन मीच निघाले.

जनरेटरवाल्या ताथोडांनी चहा पाजला आणि म्हणाले, "वैनी, दुधानं तोंड पोळलं, आता ताकबी फुकून पितो. राग मानू नका." कापडवाल्यांकडे जुने शेटजी वारले होते आणि मुलाला आमचं नाव सांगितल्यावर तो एवढा हसला की मी चप्पल घालून बाहेर आले. राहिले लाहोळे. त्यांच्याकडे मी मुद्दाम शेवटी गेले, कारण तिथून नकार आला असता तर यांची नोकरीही गेली असती, अशी मला भीती होती.

लाहोळ्यांचं गोदाम रेल्वे फाटकाजवळ. भाऊसाहेब लाहोळे तेव्हा पासष्टीचे असतील. जाडजूड माणूस, दारातच खाटेवर बसलेला. मागे सतरंज्यांचे ढीग आणि भिंतीला टेकून उभ्या परातींची रांग. प्रत्येक परातीवर माझं सासरचं आडनाव.

"बसा वैनी. वासुदेव तर आत्ताच गेला कारंज्याले गाडी घेऊन."

"त्यायले माहीत नाई मी आली म्हून," मी म्हणाले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. घर, गुरुजी, धर्माळे साहेब, त्यांची अट.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "करतो सही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काऊन?"

"तुमाले सही पाह्यजे का कारन?"

"दोन्ही पाह्यजे."

ते हसले. खाटेखालचा तांब्या घेऊन घोटभर पाणी प्यायले. "वासुदेवाले मी कामावर काऊन ठेवलं, सांगा बरं."

"तुमचा मोठेपणा."

"मोठेपना नाई न काई नाई. चोर पकडाले ठेवलं."

त्यांनी तांब्या परत खाटेखाली सरकवला.

"पंच्याण्णव साली माह्या पुतनीच्या लग्नात मी तुमच्या इथून सत्तावीस गंज नेल्ते. सत्तावीस मोजून आनले, सत्तावीस मोजून देल्ले. लिलावात मले भेटले सव्वीस. म्हतलं, हा कोर्टात हात वर करून बोलला आन एक गंज दाबून बसला. एक दाबला तो आनखी दाबन. म्हून बोलावलं. म्हतलं, माह्या डोयासमोर राहू दे, एक दिवस सापडनच."

गंज म्हणजे आमच्याकडचं उभट, सपाट बुडाचं भांडं. पंगतीचे गंज पितळी असतात, पन्नास माणसांचं वरण शिजतं एकात.

"आता पाहा," लाहोळे पुढे म्हणाले, "भांड्यावर नाव त्याचंच. त्यानं एखांदी वाटी घरी नेल्ली तर कोन म्हनन का चोरीची आहे? मले तर कोर्टातबी सिद्ध करता येनार नाई. मी वाट पाहून राह्यलो, आज नेईन, उद्या नेईन. अकरा वर्षं झाले वैनी. वाटी तं सोडा, बुंदीचा दाना नेत नाई तो घरी. एक दिवस मले माहीच लाज वाटली. सत्ताविसावा कोन्या लग्नात हरपला असन, लिलावाच्या गडबडीत कोनी नेल्ला असन, पन वासुदेवानं नाई. मी त्याले हे कधी सांगतलं नाई, सांगनारबी नाई. पन सही मागता तं सही करतो. गुरुवारी बँकेत येतो अकरा वाजता."

त्यांनी चहा मागवला. मी दोन घोट घेऊन कप खाली ठेवला, कारण सत्ताविसावा गंज माझ्या ट्रंकेत होता.

लिलावाच्या आधी कोर्टाचा माणूस यादी करायला येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी मी तो शेजारच्या शेवंताबाईच्या घरी ठेवला होता. तो गंज माझ्या आईनं मला आंदण दिला होता. तिनं दोन वर्षं कापूस वेचून तो घेतला. आमच्या बिछायत केंद्रातलं ते पहिलं भांडं. त्यानंतर बाकीचे सव्वीस आले. माझ्या मते तो माझा होता. पण यांनी हौसेनं त्याच्यावरही स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं, आणि नाव पाहिल्यावर कोर्टाचा माणूस काय ऐकणार? म्हणून लपवला. यांना सांगितलं नाही, कारण यांना शपथ घ्यायची होती आणि हे खोटं बोलले असते तर तोंडावर दिसलं असतं. पुढे या घरात आलो तेव्हा तो गोधड्यांच्या खाली ट्रंकेत गेला. अकरा वर्षांत मी तो एकदाही चुलीवर ठेवला नाही. ठेवायची सोयच नव्हती.

मी काही साध्वी नाही. त्या दिवशी गोदामातून घरी येताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, कोणाला काही कळणार नाही. घर महत्त्वाचं. गंज काय, एक भांडं.

यांना मी सांगितलं की लाहोळे सही करायला तयार आहेत. मला वाटलं होतं, यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड येईल.

"काऊन तयार झाले ते?" यांनी विचारलं.

"तुमी अकरा वर्षं तिथून बुंदीचा दानाबी आनला नाई म्हून." बाकीचं मी गाळलं.

हे जेवता जेवता थांबले. "असं म्हनाले ते?"

"हाव."

"मग त्यायची सही नको घेऊ, मंदा. दुसरा कोनी पाहू."

माझं डोकं फिरलं. "दुसरा कोन? नऊ जनात एक तं बँक, दोन मेले, तिघं गाव सोडून गेले, दोघायनं आज मले वाटेले लावलं! रामनवमी किती दूर आहे, माहीत आहे का तुमाले?"

हे ताटावरून उठले आणि हात धुऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी आतून बडबडत राहिले. मानी माणसाशी संसार करणं म्हणजे काय ते मला विचारा, असं काहीबाही. पण त्यांच्या 'नको'नं माझ्या आत कुठेतरी टोचायला सुरुवात झाली होती. ज्या माणसाची एवढी परीक्षा घेतली गेली आणि त्याला ती माहीतही नाही, तो भिडेनं सही नको म्हणतो. आणि त्या परीक्षेतला गुन्हा जिनं केला, ती मी, सही घ्यायला निघाले होते. कर्ज माझ्या नावावर होतं. लाहोळे जामीन राहणार होते ते मला. लाहोळे मोजत होते एकाला आणि सही करणार होते दुसरीसाठी.

बुधवारी सकाळी हे कामावर गेल्यावर मी ट्रंक उघडली. गंज आतून काळा-हिरवा पडला होता, कल्हई केव्हाच उडाली होती. एका जुन्या लुगड्यात तो गुंडाळला, सायकल रिक्षा केली आणि मांडीवर घेऊन फाटकाकडे निघाले. रिक्षावाल्यानं विचारलं, "काय आहे जी एवढं जड?" मी म्हणाले, "माहेरचं आहे."

हे गाडीबरोबर बाहेर गेले आहेत, एवढं आधी पाहून घेतलं. मग लाहोळ्यांच्या खाटेसमोर गंज ठेवला आणि लुगडं सोडलं.

त्यांनी तो पाहिला. वाकून नाव वाचलं. बोटानं टिचकी मारली. मग माझ्याकडे पाहिलं.

"वासुदेवानं...?"

"नाई. मी. त्यायले काहीच माहीत नाई. यादीच्या आदल्या दिवशी मी लपवला. माह्या मायनं देल्ला होता म्हून."

लाहोळ्यांनी परत एकदा नावावरून बोट फिरवलं. गोदामाच्या आत कोणीतरी पाइप मोजत होतं, त्याचा आवाज येत राहिला. शेवटी ते म्हणाले, "म्हन्जे मी अकरा वर्षं बरोबर होतो. फक्त मानूस चुकीचा पकडून बसलो होतो."

"हाव."

"आज काऊन आनला? मी तं सही करनारच होतो. तुमच्या घरची ट्रंक पाहाले मी थोडीच येनार होतो."

"तुमी त्यायच्या भरवशावर सही करून राह्यले. आन कर्ज तं माह्या नावावर आहे."

"हे तं खरं आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम थंड झाला. "कर्ज तुमच्या नावावर आहे."

मी वाट पाहिली. त्यांनी एका माणसाला हाक मारली, गंज उचलून आत ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "याले कल्हई करा लागन." मग माझ्याकडे न पाहताच, "या तुमी."

घरी चालत आले. येताना जुनं लुगडं हातात होतं. घर गेलं, असं मी मनाशी म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे जेवढं दुःख व्हायला पाहिजे होतं तेवढं झालं नाही. राग मात्र आला, स्वतःचाच. चांगुलपणा सुचायचाच होता तर अकरा वर्षांपूर्वी सुचायचा, नाहीतर गुरुवारनंतर.

गुरुवारी बँकेत जावं की नाही, असा प्रश्न होता. हे म्हणाले, "चाल, न आले तं न आले." दवाखान्यातल्या कंपाउंडर सरोदेंनी पहिला जामीनदार म्हणून येऊन सही केली आणि ते ड्यूटीवर गेले. अकरा वाजले. साडेअकरा झाले. धर्माळे साहेबांनी दुसऱ्या गिऱ्हाइकांना बोलावलं. आम्ही दोघं भिंतीजवळच्या बाकावर. मी मनातल्या मनात सामानाची बांधाबांध करत होते, कपाट कोणाच्या गाडीतून न्यायचं इथपर्यंत आले होते.

बाराला पाच कमी असताना लाहोळे आले. घामानं डबडबलेले. "कल्हईवाला लवकर सोडेना," ते स्वतःशीच म्हणाले आणि साहेबांसमोर जाऊन बसले.

साहेबांनी कागद पुढे केले. "तुमचे तेव्हा किती बुडाले होते, माहीत आहे ना? आणि आता हप्ते थकले तर बँक तुमच्याकडे येईल."

"माहीत आहे."

"तुम्हाला या कुटुंबाची खात्री आहे?"

लाहोळ्यांनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मोजून पाह्यलं जी," ते म्हणाले. "बराबर भरलं."

आणि त्यांनी सही केली. चार ठिकाणी. हे खिडकीबाहेर पाहत होते. मी पदर तोंडाला लावून बसले होते, कारण त्या बँकेत रडायचं नाही असं मी सकाळीच ठरवलं होतं.

रामनवमीच्या आधी घर आमच्या नावावर झालं. काकड गुरुजींनी किल्ली देताना पेढा दिला. आम्ही कसला समारंभ केला नाही. दारावर मी हळदीकुंकवाची बोटं उठवली आणि पोरीनं अभ्यासाची जागा बदलून खिडकीत आणली, एवढंच.

पंधरा दिवसांनी लग्नसराई सुरू झाली. एका संध्याकाळी हे गोदामातून भांडी भरून देऊन आले, पाय धुतले आणि ओट्यावर बसले. मी तांदूळ निवडत होते.

"आज गंज सत्तावीस भरले," हे म्हणाले.

या दिवसाची तयारी मी केली होती, पण ऐन वेळी काही आठवेना.

"मी नेऊन देल्ला," मी म्हणाले.

"ओळखला मी. बाकीच्यायचे काठ गोल आहेत. तुह्या मायच्या गंजाचा काठ चपटा आहे."

"तुमाले राग येईन म्हून मी कधी सांगतलं नाई. तुमी शपथ घेतली होती, तुमाले माहीत असतं तं..."

"माहीत होतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. हे समोरच्या कडुनिंबाकडे पाहत होते.

"यादी कराले मानूस आला त्याच्या आधी सकाळी मीबी मोजले होते. सव्वीस भरले. चपट्या काठाचा नव्हता. मले समजलं. मग कोर्टात गेलो आन शपथ घेतली."

"खोटी?"

"खोटी."

"मले एका शब्दानं बोलले नाई!"

"काय बोलू? बाकी सारं माह्यापायी गेलं. एक तुह्या मायचा गंज राह्यला, तोबी दे म्हनू?"

मला यांच्या त्या 'दुसरा कोनी पाहू'ची आठवण झाली, ताटावरून उठून जाण्याची आठवण झाली, आणि मी त्यांना काय काय बोलले होते तेही.

"मग बुंदी?" मी विचारलं.

"एक आधीच आनला होता ना घरी," हे म्हणाले. "आनखी काय आनू?"

त्या माणसानं अकरा वर्षं एका गंजाची भरपाई बुंदीच्या दाण्यांनी केली, आणि मी त्याला माज म्हणत होते. तांदळाचं ताट बाजूला ठेवून मी आत गेले आणि चुलीपाशी उभी राहून पोटभर रडले. हे आत आले नाहीत. त्यांना तेवढी अक्कल होती.

आता याला अठरा वर्षं झाली. कर्ज केव्हाच फिटलं, लाहोळेही गेले. गेल्या वर्षी हेही गेले. त्यांच्या तेराव्याला भांडी लाहोळ्यांच्या मुलाकडून आली होती. त्यांत चपट्या काठाचा गंजही होता. त्यातच वरण शिजलं. नंतर मी तो स्वतः घासला आणि मोजून परत दिला.

पण आठवण निघाली की मला तेरावा आठवत नाही. आठवते ती त्याच लग्नसराईतली एक संध्याकाळ, आमच्या बोलण्यानंतर चार-पाच दिवसांनीची. पोरगी दारात बसून काहीतरी लिहीत होती. हे गल्लीच्या टोकाला दिसले. जवळ आल्यावर पोरीनं वर पाहिलं आणि ओरडली, "आई, बाबाच्या हातात काहीतरी आहे!"

वर्तमानपत्राचा पुडा होता, तुपानं डागाळलेला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "बुंदी आहे," ते म्हणाले. "देत होते. घेतली."